तळटीप : बेकन यांचा स्टुडिओ

७. रीस म्यूज : चित्रकार फ्रान्सिस बेकन (१९०९–१९९२) १९६१ पासून अखेरपर्यंत लंडनमधील या गल्लीत राहत व चित्रे काढीत. लेखकाने वर्णिलेला स्टुडिओ आता तेथे नाही. १९९८ मध्ये वारसदाराने तो बेकन यांच्या जन्मगावी, डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला देऊन टाकला. पुरातत्त्वज्ञांनी उत्खननाच्या शिस्तीने जागा टिपून ७,००० हून अधिक वस्तू हलवल्या : फाटके फोटो, वाळलेले कुंचले, चिरलेले कॅनव्हास. बेकन रंग कालवायला दारे-भिंतीही वापरीत. तीही जमीन-छतासकट उचलली, इतकेच काय, धूळसुद्धा नेली. २००१ मध्ये हा पसारा प्रेक्षकांना काचेपलीकडून पाहण्यासाठी खुला झाला. — संपा.