मुखवट्याचा सांधा : जव्हार-मोखाडा आणि फोटोमोंटाज

छायाचित्रांचे दोन किंवा अधिक तुकडे कापून, ते एकमेकांशेजारी अथवा एकमेकांवर बसवून त्यांतून नवे चित्र उभे करण्याच्या पद्धतीला फोटोमोंटाज म्हणतात, आणि तिचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या बर्लिनपासून आरंभ करतात. त्या इतिहासात जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांचे नाव येत नाही. चौदाव्या शतकापासून 1948 पर्यंत जव्हारवर मुकणे या महादेव कोळी घराण्याचे राज्य होते; संस्थान विलीन झाल्यावर हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि 1 ऑगस्ट 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. माणसाच्या धडावर वेगळेच शिर बसवायचे आणि त्या दोहोंमधला सांधा पाहणाऱ्याच्या नजरेआड होऊ द्यायचा नाही, ही फोटोमोंटाजमधील मूळ क्रिया मात्र या मुलखात कॅमेरा येण्याची वाट न पाहता पिढ्यानपिढ्या होत आली आहे, आणि तिचे नाव बोहाडा.

होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव होणारा बोहाडा हा मुखवट्यांचा रात्रभर चालणारा उत्सव असून मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा पंचक्रोशीत विशेष प्रसिद्ध आहे. देवदेवता, राक्षस आणि रामायण-महाभारतातील पात्रे यांची सोंगे संबळाच्या ठेक्यावर, मशालींच्या उजेडात, काही पावले पुढे आणि काही पावले मागे अशी नाचत येतात, आणि ठरावीक सोंग नाचवण्याचा मान अनेक ठिकाणी ठरावीक घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला असतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे चेहऱ्यापेक्षा पुष्कळ मोठे, गडद रंगांत रंगवलेले असतात. ते डोक्यामागे कापडाने घट्ट आवळून बांधले जातात आणि मुखवट्याची कड संपते तेथे माणसाची मान, ओळखीचे खांदे आणि शेतात राबणारे हात दिसू लागतात. ही कड झाकण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. समोर नाचणारा देव आहे हे जितके खरे, तितकेच तो अमुक घरचा मुलगा आहे हेही गावाला ठाऊक असते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्याची जी सवय बोहाडा पाहणाऱ्याला लागते, तीच फोटोमोंटाज पाहण्यासाठी लागणारी दृष्टी होय.

कॅमेऱ्याच्या साहाय्याने अशी जोडणी करण्याचा प्रारंभ युरोपात 1850 च्या दशकात झाला आणि त्याचे कारण आधी तांत्रिक होते. त्या काळातील काचेवरील रासायनिक लेप निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देत असे, त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. यावर उपाय म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्हवरून एकच चित्र छापले. ऑस्कर रेजलँडरने 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य नीतिपर दृश्य रचले, तर हेन्री पीच रॉबिन्सनने 1858 मध्ये पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरील तरुणीचे चित्र तयार केले. हे सर्व कलावंत सांधा लपवीत होते, आणि तो जितका बेमालूम तितके कौशल्य मोठे असे त्यांच्या काळाने मानले.

हीच विद्या मुंबईत लगोलग पोहोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवर दोन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि महाराष्ट्राशी निगडित फोटोमोंटाजचा विचार करताना या ग्रंथाला टाळून पुढे जाता येत नाही. त्यातील अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची आहे: माणसांच्या आकृती कडेने कापून त्या एखाद्या देवळाच्या, वाड्याच्या किंवा मोकळ्या मैदानाच्या छायाचित्रावर बसवल्या आणि त्या जोडणीवरून पुन्हा चित्र छापले. बारकाईने पाहिल्यास आकृतींच्या कडा अंमळ जास्त धारदार दिसतात, पायांखालची सावली जमिनीशी जुळत नाही आणि उजेडाची दिशा बदलते. चित्रातली माणसे त्या जागी कधी उभी राहिली असतील असे मानण्याचे कारण उरत नाही. कोणाला कोठे उभे करायचे हे सर्वस्वी कात्री धरणाऱ्याने ठरवले आहे. वसाहतकाळातील लोकवर्णनाच्या पुष्कळशा छायाचित्रांत हाच व्यवहार झालेला आढळतो आणि तो अन्यायाचा होता हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे, कारण माणसाला त्याच्या भूमीपासून सोडवून नमुन्यादाखल मांडणे हे त्या पद्धतीच्या मुळाशीच होते.

मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाच्या पट्टीवर हीच जोडविद्या वेगळ्या हेतूने वापरली. त्यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’ या चित्रपटात कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर तरंगते आणि पुन्हा जागेवर येते. हे दृश्य ज्या प्रेक्षकवर्गाने डोक्यावर घेतले, त्याला सोंगांची आणि मुखवट्यांची सवय आधीपासून होती हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बर्लिनमध्ये 1918 नंतर हाना होख, राऊल हाउसमान, जॉन हार्टफील्ड आदी दादा चळवळीतील कलावंतांनी जी उलथापालथ केली तिचे सार असे की त्यांनी सांधा उघडा टाकला. वृत्तपत्रे आणि सचित्र साप्ताहिके यांतील छापील चित्रे कापून ती बेढब प्रमाणात, परस्परविरोधी रीतीने चिकटवायची, म्हणजे जे जग अखंड म्हणून छापले जाते ते किती जोडलेले आहे हे वाचकाला कळेल, असा त्यांचा पवित्रा होता. हार्टफील्डने पुढे हे शस्त्र थेट हिटलरच्या राजवटीविरुद्ध चालवले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने होखची 1920 च्या दशकात सुरू झालेली मानववंश-संग्रहालयावरील चित्रमाला अधिक महत्त्वाची ठरते, कारण तिच्यात युरोपीय स्त्रीच्या देहावर आफ्रिका किंवा आशियातील मुखवट्याचे अथवा मूर्तीचे शिर बसवलेले दिसते. स्त्रीलाही समाजाने संग्रहालयातल्या वस्तूप्रमाणे चौथऱ्यावर ठेवले आहे, हे होखचे म्हणणे तीव्र आणि रास्त होते. तथापि ते मुखवटे कोणी घडवले, कोणी नाचवले, याला त्या चित्रांत जागा नाही, आणि मोखाड्याचा मुखवटा तर नाचवणाऱ्या घराशिवाय निव्वळ लगदा ठरतो.

ही उणीव भरून काढणारे काम याच पालघर जिल्ह्यात झाले. डहाणू तालुक्यातील गंजाड हे जिव्या सोमा मशे यांचे गाव. लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी वारली चित्रे त्यांनी कागदावर आणून जगापुढे नेली. त्याच गावचे वारली चित्रकार राजेश वांगड आणि दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी 2013 पासून एकत्र काम सुरू केले. गिल यांनी गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतली, परंतु वांगड त्या जागांविषयी जे सांगत होते ते छायाचित्रात उतरत नव्हते. तेव्हा छापील चित्रावरच वांगड यांनी शाईने रेखाटन केले, आणि उजाड दिसणाऱ्या माळावर झाडे, पाखरे, देव, जत्रा आणि जुन्या आपत्ती दाटीवाटीने उमटल्या. काटेकोर अर्थाने हा फोटोमोंटाज नाही, कारण यात कापलेले दुसरे छायाचित्र नाही. पण दोन निराळ्या साक्षी एकाच पृष्ठावर आणून त्यांचा सांधा उघडा ठेवण्याचे तत्त्व तेच आहे, आणि या वेळी भूमीवर काय बसवायचे हे त्या भूमीच्या माणसाने ठरवले आहे.

गिल यांनी 2015 पासून जव्हार भागात केलेली रंगीत चित्रमाला बोहाड्याच्या आणखी जवळची आहे. धर्मा कडू या नामवंत मुखवटाकारांचे पुत्र सुभास आणि भगवान कडू या कोकणा समाजातील कलावंतांनी या मालेसाठी देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे घडवले: माणसांचे नाना भाव, पशुपक्षी, घरातल्या वस्तू. ते चढवून गावकरी घरात, दुकानात, रस्त्यावर नित्याची कामे करताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला प्रथम वाटते की कोणी शिर कापून चिकटवले असावे. मग कागदाच्या लगद्याची जाडी आणि गळ्यावर पडलेली खरी सावली नजरेस येते. जॉन्सनच्या चित्रात जी सावली जुळत नव्हती ती येथे जुळते. ही माला 2017 मध्ये डॉक्युमेंटा या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडली गेली.

स्वतः फोटोमोंटाज करू इच्छिणाऱ्यास या इतिहासातून व्यवहाराचे नियमही सापडतात. मूळ छायाचित्राला हात न लावता त्याच्या प्रती काढाव्यात. आकृती आधी कात्रीने ढोबळ कापून मग धारदार ब्लेड कडेवरून फिरवावे आणि कागदाची पाठ कडेलगत बारीक पॉलिश कागदाने घासून पातळ करावी, म्हणजे चिकटवल्यावर कड उचलून येत नाही. खळ लावण्यापूर्वी सर्व तुकडे नुसते मांडून पाहावेत, आणि उजेडाची दिशा, क्षितिजाची उंची व आकृतींचे परस्परप्रमाण यांपैकी काय जुळवायचे आणि काय मुद्दाम विस्कटायचे याचा निर्णय त्याच वेळी घ्यावा. पुरी झालेली जोडणी दोन्ही बाजूंनी सारख्या उजेडात पुन्हा टिपली की तिचे एकसंध चित्र होते. संगणकावर ही कामे थरांच्या साहाय्याने होतात, तरी निर्णय तेच राहतात. बोहाड्याचा मुखवटा वापरायचा असल्यास ज्या घराचे ते सोंग आहे त्या घराची संमती घ्यावी, कारण त्याची पूजा होते.

विषय या तालुक्यांतच पडून आहेत. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दररोज 455 दशलक्ष लिटर पाणी जाते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाची भिंत, मुंबईच्या स्वयंपाकघरातला नळ आणि विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणारी बाई ही तीन दृश्ये एका चौकटीत कोणत्याही कॅमेऱ्याला एका वेळी टिपता येणार नाहीत, कारण त्यांच्यामध्ये कित्येक किलोमीटरचे अंतर आहे. ती कागदावर जोडताना नळाचे तोंड थेट विहिरीच्या काठाला भिडवावे, प्रमाण बिघडू द्यावे, आणि कापल्याची कड पुसू नये.