घाटवाट कोण राखतं?

नाणेघाटात पोहोचलं की सगळे आधी दगडी रांजण बघतात. यात जकात जमा व्हायची, असं सांगतात. मग लेणं, मग फोटो. यंदा पावसाळा संपल्यावर मी मात्र दोन दिवस फक्त पायाखाली बघत होते. वैशाखऱ्याकडून चढणाऱ्या वाटेची डागडुजी करायला आम्ही नऊ जण गेलो होतो. लेण्याला आणि कातळात कोरलेल्या वाटेला हात लावायचा नाही, खालच्या जंगलातली मातीची वाट तेवढी सांभाळायची, हे आधीच ठरलं होतं.

ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीपासून जुन्नरला कोकणाशी आणि कल्याण बंदराशी जोडत आली. लेण्यातला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख यज्ञांची आणि दानाची यादी देतो: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथंच आहेत. म्हणजे हिशेब चोख. राजघराण्याच्या मूर्तीही होत्या. नागनिका राणीचं नाव भिंतीवर राहिलं, मूर्ती गेल्या.

वाट खचते ती पाण्यामुळे. पायांनी माती दबते, पन्हाळ तयार होते, पावसाळ्यात तिचा ओढा होतो आणि माती वाहून जाते. म्हणून पाणी मध्येच दरीकडे वळवावं लागतं. त्यासाठी वाटेत तिरके दगड गाडायचे आणि त्यांच्यामागे साचलेला पाला-गाळ काढायचा. गावातल्या मामांनी माझा पहिला दगड पायानं हलवून बघितला. ‘‘पोरी, दगड हलला की माणूस पडला. परत बसव.’’ मी पहारीनं तो काढला आणि खड्डा आणखी खोल केला.

तेव्हा जाणवलं, की पाऊस तेव्हाही असाच कोसळत असणार. लमाणांचे बैल चढायचे, तर हे काम दरवर्षी कुणीतरी केलंच असणार. दान दिलेल्या गाई शिलालेखात मोजल्या आहेत. पहार चालवणारे हात कुणी मोजले नाहीत.

पुढे बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ साली रेल्वे चढली. माल बैलांच्या पाठीवर लादून कडा चढायची गरज हळूहळू संपली. वाट गावकऱ्यांकडे राहिली आणि आता शनिवार-रविवारी आपल्याकडे येते. तिच्यावर सर्वांत जास्त पाय आपलेच पडतात. मग दगडही आपणच बसवायला हवेत.

आम्ही अकरा ठिकाणी पाणी वळवलं. पुढच्या पावसात त्यातले काही दगड निसटतील. पहारी आणि घमेली मामांच्या पडवीत ठेवून आलोय.