स्टिरिओचे माहेर

गाणे दोन स्पीकरांवर ऐकायचे आणि सिनेमा पाच स्पीकर व वूफरवर, हे सोवळेओवळे आमच्या वाशीमच्या दिवाणखान्यांतही पोचले आहे. इतिहास वेगळेच सांगतो. पडद्यावर नट एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याला खटकले. १९३१मध्ये त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे स्टिरिओचे माहेर सिनेमा! उलट डिस्नेच्या ‘फँटेशिया’त (१९४०) प्रेक्षकांभोवती स्पीकर मांडले, ते स्टोकोव्स्कीच्या वाद्यवृंदासाठी.

तेव्हा खर्च आधी समोरच्या दोन स्पीकरांवर करावा; दोन्ही कामे तेच ओढतात. उरलेले सवडीने.

एक पथ्य मात्र पाळावे. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोनो. गळा आणि साथ एकाच वाहिनीत. सराउंडचे बटण दाबले की तो गळा चहूकडे पांगतो, आणि ते जिथे कधी गायलेच नाहीत असे सभागृह उभे राहते. मीही वर्षभर त्यालाच भारदस्तपणा समजत होतो. आता बटण बंद करतो, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसतो. गंधर्व समोर, मधोमध गातात, खरखरीसकट.