दोन ओळींचं कूळ

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा शनिवार. गुढ्या उतरून झाल्या होत्या आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत लोक अंगणात, गच्चीवर येऊन वर बघत उभे राहिले. जळत्या तुकड्यांची एक लांबलचक रांग आकाशातून सावकाश सरकत होती. उल्का म्हणावी तर एवढी संथ नसते, विमान म्हणावं तर असं तुकडे होऊन जळत नाही. रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं, आणि नंतर पवनपारकडे धातूचा पोकळ गोळाही.

गावकरी आणि पोलीस त्या कड्याभोवती उभे होते तोवर अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याचं मूळ सांगूनही टाकलं होतं: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग चेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. वर्षभराहून अधिक काळ तो पृथ्वीभोवती फिरत होता आणि दर फेरीला थोडा थोडा खाली येत होता. विदर्भावरून गेलेली रेघ मॅकडॉवेल यांनी परदेशात बसून ओळखली ती कुठल्या दुर्बिणीतून नव्हे. अवकाशातल्या बहुतेक मोठ्या तुकड्यांमागे आकड्यांच्या दोन ओळी जाहीर होतात. हिशेब त्यांच्यावरून लागतो.

या दोन ओळींना जगभर टीएलई म्हणतात. हौशी रेडिओ चालवणारे हॅमवाले, शाळेतले आकाशनिरीक्षक आणि उपग्रह कंपन्या असे सगळेच आजही त्या वापरतात. त्यांचं कूळ मात्र पंचकार्डांच्या काळातलं आहे. जुनं उपग्रह-पाळतीचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालवायला बसलं की हे कूळ पावलोपावली आडवं येतं.

एका ओळीत ६९ खणं. ती आयबीएमच्या ऐंशी खणांच्या पंचकार्डावर बसावीत अशा बेताने आखलेली. एका उपग्रहाला दोन कार्डं. हे ऐंशी खणांचं कार्ड १९२८ सालचं. पुढे कॉम्प्युटरला पडदे आले तेव्हा त्यांनीही ओळीला ऐंशी अक्षरांचाच रिवाज ठेवला, त्यामुळे डॉसच्या काळ्या पडद्यावर टीएलईची ओळ न मोडता बसते. कार्डावर जागा मोलाची, म्हणून आखणाऱ्यांनी काटकसर केली ती मारवाड्याच्या खतावणीला शोभावी अशी. कक्षेचा लंबगोलपणा नेहमी एकाहून कमी, म्हणजे सुरुवातीला ‘शून्य पूर्णांक’ येणारच. मग तो लिहायचाच कशाला? टिंब गाळलं. ०००६७०३ असं छापलेलं असेल तर ते ०.०००६७०३ असं वाचायचं. सालाचे पहिले दोन आकडेही गाळले. महिना आणि तारीख यांना तर थाराच नाही: वर्षाचा कितवा दिवस तेवढं लिहायचं आणि वेळ त्याला दशांशात जोडायची, तीही जागतिक वेळेने. पाडव्याची ती पावणेआठची वेळ या रिवाजात २२०९२.५९४ अशी लिहिली जाते. सन २२, दिवस ९२ वा, आणि दिवसाचा शेकडा ५९.४ भाग सरलेला.

शेवटचं, ६९ वं खण पडताळ्याचं. ओळीतले सगळे आकडे मिळवायचे, उणे चिन्हाला एक धरायचं, अक्षरं-टिंबं सोडून द्यायची आणि बेरजेचा एकं स्थानचा आकडा तिथे लिहायचा. कार्ड टोचताना बोट चुकलं तर इथे पकडलं जाई. १९८० च्या दशकात हे आकडे नासाकडून कागदावर छापून टपालाने मिळत आणि लोक ते हाताने टंकत. अशा वेळी या एका खणाने किती जणांचा वेळ वाचवला असेल!

दोन ओळी म्हणजे नुसता कच्चा माल. त्यावरून उपग्रह आत्ता कुठे आहे हे काढायला सूत्र लागतं, आणि ते ओळींशी जोडीनेच येतं. पृथ्वी पुरती गोल नाही, विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. वरच्या विरळ हवेचाही उपग्रहाला अडथळा होतो. या दोन्हींचा हिशेब बेतशीर गणितात बसवणारं एसजीपी४ हे सूत्र १९७० मध्ये केन क्रॅनफर्ड यांनी बांधलं. अमेरिकी हवाई संरक्षण खात्याकडच्या फेलिक्स हूट्स आणि रोनाल्ड रोरिक यांनी डिसेंबर १९८० मध्ये ते ‘स्पेसट्रॅक रिपोर्ट नंबर ३’ म्हणून प्रसिद्ध केलं, फोर्ट्रान ४ भाषेतल्या अख्ख्या प्रोग्रॅमसकट. लष्करी खात्याने आपली गणिताची वही अशी चव्हाट्यावर ठेवणं हे तसं नवलच. पण त्यांना त्यांचे आकडे इतरांनी बरोबर वाचायला हवे होते, आणि ओळी ज्या सूत्राने तयार झाल्या त्याच सूत्राने त्या उलगडतात. दुसरं कितीही अचूक सूत्र लावलं तरी उत्तर बिघडतं.

तिथून वंश वाढला. टी. एस. केल्सो यांनी १९८० च्याच दशकात ते फोर्ट्रान टंकून वाटलं आणि त्याचं पास्कलमध्ये रूपांतर केलं. पास्कलवरून निओक्लिस किरियाझिस यांनी सी भाषेत आणलं. ते सी जॉन मॅग्लियाकेन यांच्या ‘प्रेडिक्ट’मध्ये गेलं आणि अलेक्झांड्रू क्सेते यांच्या ‘जीप्रेडिक्ट’मध्येही. आज लिनक्सवर जीप्रेडिक्टचा रंगीत नकाशा उघडणाऱ्या कॉलेजच्या पोराला कल्पना नसते, पण नकाशाखाली चालणारं गणित थेट त्या १९८० च्या वहीतलं आहे.

नकला वाढल्या की पाठ बदलतात. कुणी टंकताना चुकलं, कुणी स्वतःहून दुरुस्ती केली. शिवाय खात्याने आपल्या घरच्या प्रतीत वेळोवेळी बदल केले ते बाहेर आलेच नाहीत. महानुभाव ग्रंथ वाचणाऱ्याला ही अवस्था परिचयाची वाटेल. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपुरात लीळाचरित्र लिहिलं. खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत मूळ पोथी गेली, आणि अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं. त्यामुळे त्याचे अनेक पाठ झाले आणि वि. भि. कोलत्यांना १९७८ च्या आपल्या संपादनासाठी हस्तलिखितं ताडून बघावी लागली. एसजीपी४ ला असा संपादक २००६ मध्ये लाभला. डेव्हिड व्हॅलाडो यांनी केल्सो आणि आणखी दोघांच्या जोडीने फिरत्या प्रती गोळा केल्या, फरक तपासले आणि एक शुद्ध प्रत प्रसिद्ध केली. खात्याच्या जुन्या उत्तरांशी जुळवून घेण्याची सोयही त्यात मुद्दाम राखून ठेवली. पोथीशुद्धीचं काम करणाऱ्याला ही सावधगिरी पटेल.

आता असे जुने प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. डॉसच्या जमान्यातला मानाचा प्रोग्रॅम म्हणजे ‘इन्स्टंटट्रॅक’. १९८९ चा, फ्रँकलिन अँटोनियो यांनी लिहिलेला. हेच अँटोनियो क्वालकॉमच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीचं काम सांभाळता सांभाळता हौसेने हॅमवाल्यांसाठी उपग्रहाचा नकाशा काढत होते. ६४ बिटच्या विंडोजवर अशा प्रोग्रॅमच्या चिन्हावर टिचकी मारली तर तो सुरूच होत नाही, कारण १६ बिटचं काही चालवायची सोयच त्या विंडोजमध्ये ठेवलेली नाही. त्यावर उतारा डॉसबॉक्स. तो नव्या मशीनच्या आत जुन्या मशीनचं सोंग घेतो आणि प्रोग्रॅम बिनतक्रार उठतो.

टर्बो पास्कलमध्ये बांधलेल्या अनेक प्रोग्रॅमांचं दुखणं वेगळं आणि त्याहून गमतीचं. सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ असा शेरा मारून ते बंद पडतात. त्याचा अर्थ शून्याने भागाकार, पण शून्य कुठेच नसतं. घडतं ते असं: टर्बो पास्कल ७ चा असा प्रोग्रॅम उठल्या उठल्या मशीनचा वेग अजमावतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, आपलं रिकामं आवर्तन किती वेळा फिरलं ते मोजतो, त्या संख्येला ५५ ने भागतो आणि भागाकार १६ बिटच्या खणात ठेवू बघतो. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे प्रोसेसर गेले आणि भागाकार त्या खणात मावेना. प्रोसेसर या मावेनासं होण्यालाही शून्याने भागाकाराचाच शेरा मारतो. मशीन फार जलद झालं म्हणून प्रोग्रॅम मेला! डॉसबॉक्समध्ये वेग मुद्दाम खाली ओढला की तो पुन्हा धावू लागतो.

बाकीच्या अडचणी बारीकसारीक. लिनक्सवर उतरवलेल्या टीएलईच्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एकच खूण असते, डॉसला दोन लागतात. ती दुसरी खूण नसली तर काही प्रोग्रॅम सगळी फाईल एकच ओळ समजतात. घड्याळाचं तर विचारूच नका. अवकाश स्थानक मिनिटाला सुमारे ४६० किलोमीटर धावतं, म्हणून घड्याळ एक मिनिट मागे असेल तर प्रोग्रॅम स्थानक नागपुरापलीकडे दाखवतो, तेव्हा ते खरं तर पार पुढे निघून गेलेलं असतं.

प्रेडिक्ट हा सी भाषेतला, त्यामुळे त्याला सोंगाची गरज नाही. आजच्या लिनक्सवर तो तसाच बांधता येतो. पडद्यावर नकाशा नाही, नुसती अक्षरं. यादीत ए ते एक्स असे २४ उपग्रह, बस. आपलं ठिकाण सांगायला एक चार ओळींची फाईल असते: नाव, अक्षांश, रेखांश, उंची. रिद्धपूरची मंडळी इथे सहज फसतील. गाव साधारण २१.२ उत्तर आणि ७७.८ पूर्वेला. ७७.८ असं लिहून दिलं की प्रोग्रॅम मुकाट घेतो आणि उत्तरं धादांत चुकीची देतो, कारण त्याच्या लेखी पश्चिम रेखांश अधिक आणि पूर्व रेखांश उणे. लिहिणारा अमेरिकेत बसलेला, त्याला आपलं गाव अधिकात हवं. उणे चिन्ह विसरलं तर गोविंदप्रभूंचं रिद्धपूर एका ओळीत अटलांटिकपार जाऊन बसतं, आणि बसतं तेही नेमकं क्युबातल्या कामाग्वे शहराच्या शेजारी. त्याचे अक्षांश-रेखांश जवळपास तेवढ्याच आकड्यांचे आहेत, फक्त पश्चिमेचे. स्थानक मोर्शीच्या रस्त्यावरून जात असताना प्रोग्रॅम ते क्षितिजाखाली दाखवणार.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी या ओळींची वाट सर्वांत आतुरतेने पाहिली ती बहुधा २०१६ मध्ये. २२ जून रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एका खेपेत २० उपग्रह सोडले. त्यांत पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ होता, दहा सेंटीमीटरचा ठोकळा, वजन सुमारे एक किलो. एवढे उपग्रह एकदम सुटले की सुरुवातीला ते एकमेकांच्या मागेपुढेच असतात. ओळी जाहीर होतात, पण कोणती ओळ कोणाची हे लगेच ठरत नाही. अशा वेळी रेडिओ लावून बसायचं. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारा उपग्रह जवळ येताना कंप्रता सुमारे दहा किलोहर्ट्झने चढलेली ऐकू येते आणि दूर जाताना तेवढीच उतरलेली. ही उतरण कोणत्या क्षणी किती तीव्र झाली, ते प्रत्येक ओळीच्या अंदाजाशी ताडून पाहायचं. जी जुळेल ती आपली.

या ओळींत प्रत्येक उपग्रहाचा नोंदणी नंबरही असतो. स्वयम्‌च्या वेळी हे नंबर ४१ हजारांच्या घरात होते. १९५७ मध्ये स्पुटनिक ज्या रॉकेटने नेला त्याचा नंबर १ आणि खुद्द स्पुटनिकचा २; तेव्हापासून एकेक चढत आलेली ही नोंदवही गेल्या काही वर्षांत उपग्रहांच्या झुंडींनी भराभर भरत आणली आहे. कार्डावर नंबराला खणं पाचच. सालाची दोन खणं अजून चालतील, कारण ५७ पासून ९९ विसाव्या शतकातले आणि ०० ते ५६ एकविसाव्यातले असा तोडगा आधीच निघाला आहे. नंबराच्या तोडग्यात पहिल्या आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षर बसवतात: ए म्हणजे १० आणि असंच पुढे, आय आणि ओ वगळून, झेडपर्यंत. त्याने ३,३९,९९९ पर्यंत मजल जाते. केल्सो आणि इतर मंडळी मात्र कार्डच सोडून द्या म्हणतात. नव्या ओएमएम रचनेत प्रत्येक आकड्याला नाव असतं आणि खणांचा प्रश्नच उरत नाही.

इन्स्टंटट्रॅकला यातलं काहीच कळत नाही. पण नंबर ही नुसती पाटी आहे, एसजीपी४ च्या गणितात तिला कुठेच काम नाही. म्हणून जुन्या प्रोग्रॅमचे हौशी लोक ओएमएममधले आकडे परत ६९ खणांत बसवू शकतात: मोठ्या नंबराऐवजी हवा तो पाच आकडी नंबर घालायचा, लंबगोलपणाचं टिंब गाळायचं आणि शेवटच्या खणातला पडताळा नव्याने मोजून लिहायचा.