व्यक्तिकेंद्री मानसोपचार

व्यक्तिकेंद्री मानसोपचार : मनुष्याच्या दुःखाचा अर्थ आणि त्यातून बाहेर पडण्याची दिशा या दोन्ही गोष्टी अखेरीस त्याच्याच अनुभवात वसत असतात, आणि तो अनुभव निर्भयपणे उच्चारला जाईल असा सहवास त्याला लाभवून देणे हेच उपचारकाचे मुख्य कर्तव्य होय, या गृहीतकावर उभी असलेली उपचारपद्धती. चिंता, कामातून आलेली आत्यंतिक क्लांती आणि आयुष्यातील स्थित्यंतरे अशा प्रसंगी ती विशेषेकरून योजिली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॅन्सम रॉजर्स (८ जानेवारी १९०२ – ४ फेब्रुवारी १९८७) हे तिचे प्रवर्तक.

रॉचेस्टर येथील एका बालसंरक्षक संस्थेत बारा वर्षे काम करीत असताना घडलेल्या एका प्रसंगाला रॉजर्स यांनी स्वतःच मोठे महत्त्व दिले आहे. एका दांडग्या मुलाच्या आईला, त्याच्या बिघाडाचे मूळ तिने त्याला बालपणी झिडकारले यात आहे, हे उमगावे म्हणून त्यांनी अनेक भेटींत सौम्यपणे, परंतु निष्फळ खटपट केली. शेवटी यश येत नाही असे दोघांनीही कबूल करून प्रकरण बंद करण्याचे ठरविल्यावर, दारापर्यंत गेलेली ती स्त्री मागे वळली, येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय असे तिने विचारले, आणि पुन्हा खुर्चीवर बसून आपल्या विस्कटलेल्या संसाराची जी कैफियत तिने सांगितली, तिचा आधीच्या नेटक्या केसपेपरात मागमूसही नव्हता. खरा उपचार तेव्हा सुरू झाला आणि त्याचा गुण आईप्रमाणे मुलालाही आला. कोठे दुखते आणि कोणत्या वाटेने जावयाचे हे सल्लार्थीच जाणतो, ही रॉजर्स यांची श्रद्धा अशा अनुभवांतून दृढ होत गेली.

१९४२ च्या ग्रंथात त्यांनी एका सल्लार्थीच्या आठही भेटींतील संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापले. बंद दाराआडचा व्यवहार अशा रीतीने तपासणीसाठी खुला करणे हे त्या काळी मोठेच धाडस होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते रॉजर्स यांची ही कामगिरी त्यांच्या सिद्धांताइतकीच मोलाची आहे. १९५७ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी उपचारकाकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली : अंतर्बाह्य सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि परानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे जग जणू आपलेच आहे असे जाणणे, मात्र ते आपले नाही याचे भान न सोडता.

मनुष्य हा एकसंध जीव असून वाढीकडे त्याची स्वाभाविक ओढ असते, हे या विचाराचे अधिष्ठान. बालपणी तळघरात साठविलेल्या बटाट्यांचे फिकट कोंभ दूरच्या झरोक्याकडे वाढताना पाहिल्याचा दाखला रॉजर्स त्यासाठी देत. त्यांच्या मते चिंता उद्भवते ती स्वतःविषयीच्या कल्पनेत न बसणारा अनुभव जाणिवेच्या उंबरठ्याशी येऊ लागला म्हणजे. सेवानिवृत्ती, वैधव्य, घटस्फोट, परदेशगमन अशा स्थित्यंतरांत ही कल्पनाच डळमळते. हुद्दा गेल्यावर मी कोण, या प्रश्नाला तयार उत्तर पुरवू पाहणारा सल्लागार तेथे उपयोगी पडत नाही.

कामातील क्लांतीचे वर्णन हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये, मोफत दवाखान्यांतील सेवाभावी माणसांची अवस्था पाहून केले. क्रिस्टिना मास्लाक यांनी शक्तिपात, कामाविषयी तुटलेपणा आणि निष्फळतेची भावना अशी तिची तीन अंगे मानली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ती व्याधी म्हणून नव्हे, तर व्यवसायसंबद्ध अवस्था म्हणून नमूद आहे. ज्याला लहानपणापासून केवळ कर्तबगारीच्या अटीवर प्रेम मिळाले, तो थांबण्याची मुभा स्वतःला देऊ शकत नाही. विनाअट स्वीकाराचा अनुभव त्याच्या लेखी औषधासारखा ठरू शकतो. परंतु कामाचे तास, अपुरा नोकरवर्ग आणि वरिष्ठांची जुलूमशाही यांवर उपाय नियोक्त्यानेच केला पाहिजे, आणि तो टाळून थकलेल्या कर्मचाऱ्याला समुपदेशकाकडे धाडणे हा अन्याय होय.

रॉजर्स यांचे सहकारी युजीन जेंडलिन यांनी शरीरात अस्फुटपणे जाणवणाऱ्या संवेदनेकडे लक्ष वळविण्याची रीत सिद्ध केली. छातीवरील दडपण वा घशातील आवंढा यांनाही त्यामुळे संभाषणात स्थान मिळाले.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विस्कॉन्सिन येथे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर रॉजर्स यांनी केलेल्या प्रयोगाला अपेक्षित यश लाभले नाही. चिंताविकारांत बोधात्मक वर्तनोपचाराचा पुरावा अधिक भक्कम आहे. इंग्लंडमध्ये विषादाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर व्यक्तिकेंद्री उपचार त्या उपचाराहून उणा ठरला नाही, वर्षअखेरीस मात्र मागे पडला. धडधड, कंप आणि निद्रानाश यांच्या मुळाशी कंठग्रंथीचा विकार असू शकतो, म्हणून वैद्यकीय तपासणी आधी व्हावी. आणि आत्मघाताचे विचार येत असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे.