फोर्ड टी पिक-अप : एंजिन व दंतचक्र यांचे समायोजन

अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीने १९२५ मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारगाडीस मागे उघडी मालपेटी बसवून ती २८१ डॉलरना विक्रीस आणली. कारखान्यातच तयार झालेली या कंपनीची ही पहिली पिक-अप गाडी होय. तत्पूर्वी अनेक शेतकरी व व्यापारी गाडीचा मागील भाग काढून तेथे लाकडी पेटी ठोकून घेत. पेटी आली, तरी खालील यंत्रणा मात्र मूळ प्रवासी गाडीचीच राहिली.

हिचे २.९ लिटरचे चार सिलिंडरी एंजिन मिनिटास १,६०० फेऱ्यांना सु. २० अश्वशक्ती देई. ठिणगी केव्हा पडावी हे चालक सुकाणूजवळील डाव्या दांडीने ठरवी. हाताने एंजिन सुरू करताना ही दांडी योग्य जागी नसल्यास उलट झटक्याने मनगट मोडण्याची भीती असे. संपीडन गुणोत्तर जेमतेम ४ असल्याने अधिक संपीडन देणारी सिलिंडर-शीर्षे इतरांनी बाजारात आणली. शेवरोले बंधूंचे ‘फ्रॉन्टेनॅक’ शीर्ष शर्यतींत गाजले. मालवाहतुकीत मात्र या मार्गाने फारसे साधत नसे. भुजादंड बारीक व तीनच धारव्यांवर पेललेला होता. शिवाय वंगण-तेल गुरुत्वाने पुढे वाहत असल्यामुळे दीर्घ चढावर पुढील सिलिंडराच्या भागास ते अपुरे पडे.

खरा उपाय दंतचक्रांत होता. ग्रह-दंतचक्रांच्या पेटीत पुढे जाण्याचे दोनच वेग असत. मागील आसाचे गुणोत्तर ३.६४ व खालच्या वेगाचे २.७५, म्हणजे एकूण सु. १०. खालचा वेग टिकविण्यासाठी डावी पायपट्टी सतत दाबून धरावी लागे. त्यामुळे चढ लांबला की चालकाचा पाय व आतील घर्षणपट्टा दोन्ही झिजत. १९१७ च्या ‘टीटी’ या एक टनी मालमोटारीत कंपनीने वर्म दंतचक्राचा आस घालून ७.२५ किंवा ५.१७ हे गुणोत्तर दिले. पहिल्यामुळे एकूण गुणोत्तर २० च्या घरात गेले. ओढ जवळजवळ दुप्पट झाली. वेग अर्थातच त्या मानाने घटला.

हलक्या गाड्यांसाठी ‘रकस्टेल’ हा द्विवेगी आस व ‘वॉरफर्ड’ ही जादा दंतचक्रपेटी मिळे. रकस्टेलमुळे पुढचे वेग चार झाले. या सुधारणेत एक गंभीर धोका मात्र दडला होता. गाडीचा पायाने लावावयाचा गतिरोधक चाकांवर नसून मूळ दंतचक्रपेटीत होता. जादा दंतचक्रे बदलताना मध्येच न जुळता राहिली, तर चाके या गतिरोधकापासून सुटत आणि भरलेली गाडी उतारावर मोकळी धावे. म्हणून मागील चाकांवर बाहेरून जादा गतिरोधक बसविण्याची पद्धत पडली. जुन्या गाड्यांची डागडुजी करणारे आजही द्विवेगी आसाबरोबर असे गतिरोधक बसवितात.