उंबरठ्यावरचे पदार्थविज्ञान

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. धानाच्या शेतीला पाणी देणारे इथले शेकडो तलाव गावकऱ्यांनी, विशेषतः कोहळी समाजातील लोकांनी, पिढ्यान् पिढ्या बांधले. मालगुजारी गेल्यावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले, आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. नवेगाव बांधचा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हाही तलाव भंडारा जिल्ह्यातच होता.

या तलावांवरून वर्गात विचारता येईल असा एक प्रश्न आहे. दोन तलाव आहेत. एकाचे पाणी पाळीपासून मागे शंभर मीटरपर्यंत पसरले आहे, दुसऱ्याचे दोन किलोमीटरपर्यंत. पाळीपाशी पाण्याची खोली मात्र दोन्हीकडे पाच मीटरच आहे. स्थिर पाण्याचा रेटा कोणत्या पाळीवर जास्त?

बहुतेक मुले मोठ्या तलावाकडे बोट दाखवतात. दाब खोलीवर अवलंबून असतो हे सूत्र तोंडपाठ असलेली मुलेसुद्धा हेच उत्तर देतात. खरे उत्तर आहे : दोन्हींवर सारखाच. (लाटांचा मारा आणि पुराचे पाणी हे वेगळे प्रश्न. ते मोठ्या तलावात नक्कीच गंभीर असतात.)

सूत्र येते, पण पाळीपाशी त्याचा उपयोग होत नाही. मग विद्यापीठात विज्ञान किंवा इंजिनिअरिंग शिकायला निघालेल्या मुलाला नेमके कोणते भौतिकशास्त्र यायला हवे? हा प्रश्न नवा नाही. मराठी मुलखात गेल्या दोनशे वर्षांत त्याची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. त्यांचा हा थोडक्यात आढावा.

सुरुवात मराठीतून

आधुनिक इंजिनिअरिंगची आपल्याकडची पहिली तयारी इंग्रजीतून झाली असेल असे आपण सहज धरून चालतो. तसे नव्हते. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली 'इंजिनिअर इन्स्टिट्यूशन' चालत असे. जमिनीची मोजणी आणि सरकारी बांधकामे यांसाठी माणसे तयार करणे हा तिचा उद्देश होता, आणि शिकवण्याच्या भाषा होत्या मराठी आणि गुजराती. त्यासाठी गणिताची पुस्तके पंडितांच्या मदतीने मराठीत आणली गेली.

पदार्थविज्ञानाचे पुस्तकही लवकरच आले. १८३३ साली हरि केशवजी यांचे 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' प्रसिद्ध झाले. ते जेन मार्सेट या बाईंच्या इंग्रजी पुस्तकावरून केलेले होते. मार्सेटबाईंची पुस्तके शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्या संवादातून विषय उलगडतात. त्यांच्याच रसायनशास्त्रावरील संवादांनी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेला विज्ञानाची गोडी लावली होती.

ज्याच्यापाशी प्रयोगशाळा नाही आणि शिक्षकही नाही अशा वाचकाला संवादाचा मोठा उपयोग होतो. त्याच्या मनातली शंका पुस्तकातलीच कोणीतरी विचारते. शंका विचारणे हा अभ्यासाचाच भाग आहे हे त्या रचनेने गृहीत धरले होते. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या अध्यापकांनीही पदार्थविज्ञानावर मराठीत लिहिले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षणे केलेला हा माणूस होता. मोजमाप म्हणजे काय हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

भंडाऱ्याला मात्र हे सारे दूरचे होते. १८३३ साली भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाल्यावर भंडारा हा त्याचा एक जिल्हा झाला.

भाषा बदलली, वाट लांबली

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. त्यांच्या परीक्षा इंग्रजीतून होत्या, त्यामुळे उंबरठ्याची भाषाही इंग्रजी झाली. पुण्यात १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करण्यासाठी निघालेला इंजिनिअरिंगचा वर्ग पुढे मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला आणि त्याचे कॉलेज झाले. इंजिनिअर होण्यासाठी आता आधी मॅट्रिक पाहिजे होते, म्हणजेच आधी इंग्रजी पाहिजे होते.

भंडाऱ्याच्या मुलाची वाट याहून वळणाची होती. मध्यप्रांतात स्वतःचे विद्यापीठ नव्हते. मॅट्रिकची परीक्षा आधी कलकत्त्याची आणि नंतर अलाहाबादची होती. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले. खास विज्ञानासाठी व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स निघाले ते १९०६ मध्ये. आजची नागपूरची विज्ञान संस्था ती हीच. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ मध्ये. म्हणजे मॅट्रिक झालेल्या मुलाने साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात राहायचे, दोन वर्षे इंटर सायन्स करायचे आणि मग पुढे जायचे.

इंटर सायन्सची ही दोन वर्षे हाच खरा उंबरठा होता. पदार्थांचे गुणधर्म, उष्णता, प्रकाश, ध्वनी, चुंबकत्व आणि विद्युत असे त्याचे भाग असत. व्हर्निअर, स्क्रू गेज, बॉइलची नळी या गोष्टी मुलाच्या हाती पहिल्यांदा येत त्या इथेच.

इंजिनिअरिंगची पदवी तर आणखी दूर होती. नागपुरात १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली, पण तिचा विषय रासायनिक तंत्रज्ञान होता. मध्यप्रांताचे पदवी देणारे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ मध्ये सुरू झाले जबलपूरला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. नागपुरात विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग निघाले १९६० मध्ये. २००२ मध्ये त्याचेच व्हीएनआयटी झाले. पाळीमागच्या पाण्याचा रेटा मोजायला शिकवणारे कॉलेज भंडाऱ्याच्या इतके जवळ यायला एक शतक लागले.

उंबरठा तालुक्याला आला

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर हे परिभाषेच्या वादाचे केंद्र होते. डॉ. रघुवीर १९४६ मध्ये आपली संस्था घेऊन लाहोरहून नागपुरात आले आणि त्यांनी संस्कृत धातूंवरून विज्ञानाचे हजारो शब्द घडवले. त्यातले कित्येक जड म्हणून टाकले गेले. तरी शास्त्रीय कल्पनेला आपल्या भाषेत नेमका शब्द असावा हा आग्रह टिकला. मराठीत महाराष्ट्र शासनाच्या परिभाषा कोशांनी आणि मराठी विश्वकोशाने ते काम पुढे नेले.

जगातही याच काळात शालेय भौतिकशास्त्राची फेरमांडणी चालू होती. अमेरिकेत १९५६ मध्ये जेरोल्ड झकॅरायस यांच्या पुढाकाराने संशोधकांचा एक गट शाळेसाठी नवा अभ्यासक्रम लिहू लागला. पीएसएससी या नावाने तो प्रसिद्ध आहे. माहितीचे तुकडे कमी करावेत, आणि थोड्या मूलभूत कल्पना साध्या उपकरणांनी स्वतः पडताळून पाहाव्यात, असा त्याचा रोख होता. १९५७ च्या स्पुटनिकनंतर त्याला बळ मिळाले, आणि त्याचे पडसाद आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही उमटले.

आपल्याकडे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांना विज्ञान शिकवावे असे सांगितले. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. जुन्या इंटरची जागा अकरावी-बारावीने घेतली, आणि हे वर्ग कॉलेजांइतकेच हायस्कुलांनाही जोडता येऊ लागले. उंबरठा नागपूरहून तुमसर, साकोली, पवनीपर्यंत आला. घर सोडून नागपुरात राहणे ज्यांना परवडत नव्हते, आणि ज्या मुलींना कोणी पाठवत नव्हते, त्यांच्यासाठी हा बदल लहान नव्हता.

एक अडचण मात्र उंबरठ्यातच राहिली. मार्चमध्ये मराठीतून दहावी दिलेला विद्यार्थी पावसाळ्यात अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतो, तेव्हा पुस्तक इंग्रजी असते. 'वस्तुमान' आणि 'वजन' यांतला फरक आधीच निसटता असतो, तो आता 'मास' आणि 'वेट' या नावांनी पुन्हा शिकायचा. 'कार्य' म्हणजे रोजच्या बोलण्यातले काम नव्हे हे जेमतेम पचलेले असते, तोवर त्याचे 'वर्क' होते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. विज्ञान अवघड वाटण्यात पुस्तकाच्या भाषेचा वाटा मोठा असतो, याकडे केंद्राने सातत्याने लक्ष वेधले.

आज उंबरठ्यावर प्रवेश परीक्षा उभी आहे. आयआयटीची संयुक्त परीक्षा १९६१ पासूनची. आता राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठीही सीईटी आहे. २०२१ पासून जेईई मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येते. १८२० च्या दशकात इंजिनिअरिंगची तयारी मराठीतून होत होती. वाट पुन्हा तिथे येऊन भिडली आहे, फक्त मधल्या काळात संवादाची जागा चार पर्यायांनी घेतली.

पाळीकडे परत

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवू. पृष्ठभागापासून ५ मीटर खाली पाण्याचा दाब १००० × ९.८ × ५ = ४९,००० न्यूटन प्रति चौरस मीटर. दहावीचा विद्यार्थी इथे थांबतो. पण पाळीवर सगळीकडे हा दाब नाही. वर तो शून्य आहे आणि खाली जाताना एकसारखा वाढतो, म्हणून सरासरी २४,५०० धरू. पाळीची एक मीटर लांबी घेतली तर पाण्याला टेकलेले उभे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. रेटा झाला १,२२,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेबारा टनांच्या वजनाइतका. पाळ उतरती असली तरी आडव्या दिशेचे बल इतकेच राहते. या हिशोबात तलावाची रुंदी कुठेच आली नाही.

खोली दहा मीटर केली तर? दाब दुप्पट आणि क्षेत्रफळही दुप्पट, म्हणून रेटा चौपट. थोडीशी उंची वाढवायची तर पाळीची जाडी बरीच का वाढवावी लागते, याचे कारण यात दडलेले आहे. बदलणाऱ्या राशीची बेरीज करणे हीच पुढची कलन गणिताची पायरी. विद्यापीठातले भौतिकशास्त्र सुरू होते ते इथून.

दुसरा प्रयोग वर्गात करता येईल. पाण्याच्या उभ्या डब्याला एकावर एक तीन भोके पाडून सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडते, असे चित्र अनेक पुस्तकांत असते. प्रत्यक्ष करून पाहा. डब्यात पाणी २४ सेंटिमीटर ठेवा, पातळी कायम राहील अशी काळजी घ्या. भोके पृष्ठभागापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटरवर पाडा. डबा सपाट जागी ठेवून धारा त्याच पातळीवर कुठे पडतात ते मोजा. गणिताप्रमाणे अंतरे अनुक्रमे सुमारे २१, २४ आणि २१ सेंटिमीटर येतात. प्रत्यक्षात ती थोडी कमी भरतील, पण सर्वांत लांब जाईल मधली धार.

मग खाली दाब जास्त असतो हे खोटे का? नाही. खालच्या धारेचा वेग खरोखरच सर्वांत जास्त असतो, पण जमीन जवळ असल्याने तिला हवेत राहायला वेळ कमी मिळतो. वरच्या धारेला वेळ भरपूर मिळतो, वेग कमी. अंतर ठरते ते दोन्हींच्या गुणाकाराने. दाबाचा धडा आणि पडणाऱ्या वस्तूचा धडा पुस्तकात वेगळे असतात. पाण्याची धार त्यांना एकत्र आणते.

हा प्रयोग करून 'असे का?' म्हणणारा विद्यार्थी उंबरठा ओलांडायला तयार आहे, मग त्याने ते मराठीत विचारलेले असो वा इंग्रजीत. पुस्तकातले चित्र आणि डब्यातले पाणी यांत तफावत दिसल्यावर जो पुस्तकाप्रमाणे उत्तर लिहून मोकळा होतो, त्याला प्रवेश मिळेलही. पण पहिल्याच वर्षाच्या प्रयोगशाळेत तो अडेल. भोके पाडलेल्या डब्याला खर्च जवळजवळ नाही, आणि पाळ तर भंडाऱ्यात गावोगाव आहे. अकरावीची पुस्तके उघडण्याआधी एक तास या दोन प्रश्नांना द्यावा, आणि मुलांची चुकीची उत्तरे फळ्यावर तशीच राहू द्यावीत. त्यांवरूनच पुढचे प्रश्न निघतील.